वाचकांचे प्रश्न : खलिफा नेमणारे स्वतः खलिफा का झाले नाहीत?

प्रश्न : इ. स. 862 मध्ये बगदादच्या उत्तरेकडील समर्रा या तेव्हाच्या राजधानीत तुर्की सरदारांनी मुस्तईन याला खलिफा केले, असे वाचले. सारे बळ त्यांच्या हाती होते, तर त्यांच्यापैकी कोणी स्वतःच गादी का घेतली नाही?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपण ग्वाल्हेरचे असल्याने महादजी शिंद्यांचे उदाहरण प्रथम आठवते. दिल्ली मुठीत असूनही ते तख्तावर बसले नाहीत. 1784 मध्ये मोगल बादशहा शहाआलमकडून वकील-इ-मुतलकी (बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचे पद) मिळवली, तीही पेशव्यांच्या नावाने. समर्राच्या सरदारांची अडचण याहून मोठी होती. त्यांच्यातील बहुतेक जण गुलाम म्हणून खरेदी केलेले सैनिक होते आणि खलिफा तर पैगंबरांचे चुलते अब्बास यांच्या वंशातलाच हवा होता. त्यावाचून खुत्ब्यात (शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात) नाव कोणाचे घ्यायचे, नाण्यावर कोणाचे घालायचे आणि दूरच्या सुभेदारांनी निष्ठेची शपथ कोणाला द्यायची? (समर्रा हे शहरही ग्वाल्हेरच्या आपल्या लष्कर भागासारखेच सैन्याच्या तळातून वाढले, खलिफा मुअतसिम याने ते 836 मध्ये याच तुर्की फौजेसाठी वसवले होते.)

तेव्हा गादी घ्यायची नसून माणूस निवडायचा होता. 861 मध्ये तुर्की रक्षकांनी खलिफा मुतवक्किल याचा खून केला आणि त्याचा मुलगा मुन्तसिर गादीवर आला, पण सहा महिन्यांतच वारला. मुतवक्किलचा दुसरा मुलगा आला, तर तो बापाचा सूड उगवील, ही भीती थोरला बुघा, धाकटा बुघा आणि उतामिश या तुर्की सरदारांना होती. म्हणून त्यांनी मुअतसिमचा दुसऱ्या मुलाकडून झालेला नातू, म्हणजे मुस्तईन, पुढे आणला. त्यात योग्यतेपेक्षा निरुपद्रवीपणा पाहिला गेला, असे माझे मत आहे.

मात्र निवडणारेच एकदिलाचे नव्हते. वजीर झालेला उतामिश पुढच्याच वर्षी सैनिकांकडून मारला गेला. 865 मध्ये सरदारांतील वैर विकोपाला जाऊन मुस्तईन हा वसीफ आणि धाकटा बुघा या सरदारांसह बगदादला निघून गेला, तेव्हा मागे राहिलेल्या फौजेने ज्याची भीती वाटत होती त्याच मुतवक्किलपुत्राला, मुअतझला, कैदेतून काढून खलिफा केले. बगदादला वेढा पडला. 866 च्या जानेवारीत मुस्तईनने जीविताच्या हमीवर पद सोडले आणि त्याच वर्षी तो मारला गेला. मुअतझलाही 869 मध्ये थकलेल्या पगारापायी सैनिकांनी खाली खेचले. त्याची आई कबीहा हिने पैसे देण्यास नकार दिला होता. तिच्याजवळचा मोठा धनसाठा मुलाच्या पदच्युतीनंतर उघडकीस आला.