सात वाजता नव्हे, साडेसहाला बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा वाण्याच्या दुकानात तुझा मुलगा फरशीवर लोळला आणि तू रडवेली होऊन मला फोन केलास, "मावशी, याला गप्प कसं करू?" तेव्हा सात वाजले होते. साडेसहाला काय चाललं होतं? पाळणाघरातून उचललंस, दुपारची झोप झालेली नाही, पोटात काही नाही, आणि थेट रांगेत उभं केलंस. तीन वर्षांचं लेकरू दुसरं काय करणार?

अर्धा तास आधी बघ. मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

बालवाडीत सव्वीस वर्षं काढली मी. मुलं एकमेकांना चावायची ती डबा उघडायच्या आधी, नाहीतर एकुलत्या एका तिचाकीभोवती. दुसरी तिचाकी आली आणि निम्मी भांडणं मिटली. "पळू नको" म्हटलं तर मग करायचं काय, हे त्याला उमगत नाही. "माझं बोट धर" म्हण. बागेतली "पाच मिनिटं" त्याला कळत नाहीत. "अजून दोनदा घसरगुंडी, मग चपला" हे कळतं. आणि दोनदा झाली की निघायचंच, कितीही रडला तरी. याला लाड म्हणत नाहीत, सासूबाईंना खुशाल सांग.

१९४५ मध्ये बोर्डी गावात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी मोठ्यांनी हलायचं असतं गं! तू मात्र मला शिक्षा कोणती करू ते विचारतेस.

माझंही ऐक. लेक चार वर्षांची होती. मंगल कार्यालयात अडीच वाजले तरी आमची पंगत बसेना. शेवटी ताट आलं, ते तिनं भिरकावलं, आणि मी सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. त्याआधी दोनदा ती पदर ओढून म्हणाली होती, "आई, परकर टोचतोय." मी ऐकलं होतं. घरात अकरा माणसं, नोकरी, सासरचे सगळे डोळे माझ्यावर. त्या दिवशी दुसरं काय करता आलं असतं? परकर बदलता आला असता. पिशवीत सुती फ्रॉक होता. परक्यांच्या मुलांपाशी मला हे सगळं सुचायचं.

आता तिला मुलगा आहे. मी त्याला जरा चढ्या आवाजात हाक मारली, तरी ती येऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहते.

शनिवारी तुझ्या मुलाला घेऊन ये. साडेतीनला ये, झोप झाल्यावर. मी थालीपीठ लावून ठेवते, दारात आल्याबरोबर आधी ते देऊ. बोलायचं ते नंतर बोलू.

तुझी,
मावशी