पहिला एक्स-रे आधी हातात घ्या

परभणी जिल्ह्यातून एका मामाचं पत्र आलंय. भाचा चार महिन्यांचा. मांडी सुजली म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेला, 'पाळण्यातून पडला' असं सांगितलं, प्लास्टर घालून त्याच दिवशी घरी आणला. तीन आठवड्यांनी संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात छातीचा एक्स-रे निघाला, तर पाठीकडच्या दोन बरगड्या मोडून जुळत आलेल्या. बाळाला कुणीतरी इजा केली असावी या संशयाने तिथून पोलिसांना कळवलं गेलं. पहिल्या डॉक्टरवर केस करू का, असं हे विचारतात. असं पत्र पहिलंच नाही.

डॉक्टरचं नंतर बघू. ताजी मोडलेली बरगडी एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी हाड जुळू लागलं की दिसते. तालुक्याला तर फोटो फक्त मांडीचा काढला. तो निष्काळजीपणा ठरेलच, असं मी सांगणार नाही.

तुमची केस त्या पहिल्या केसपेपरवर उभी आहे. बाळाला कुणी आणलं, काय सांगितलं, हे त्यात असतं. संभाजीनगरला 'आईच्या हातून निसटला' असं सांगितलं गेलं. एकाच मांडीची दोन कारणं! आणि तो कागद तुम्ही 'प्लास्टर निघालं, आता काय कामाचा' म्हणून फेकलात. वाचून जीव तुटला.

वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. पण रेकॉर्ड 3 वर्षं जपण्याचं बंधन दाखल झालेल्या रुग्णांपुरतं लिहिलंय, आणि तुमचा भाचा ओपीडीतूनच परत गेला. मशीनमधला फोटो पुसला गेला, तर भांडायला काही उरणार नाही. म्हणून उद्या सकाळीच अर्ज द्या. सही बहिणीची हवी, मामाला परस्पर कागद मिळत नाहीत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तपास अधिकाऱ्यालाही तेच रेकॉर्ड जप्त करायला लेखी कळवा.

हाड मोडणं ही गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 117, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण जबाबात अंदाजाने कुणाचं नाव घालू नका. मुडदूस किंवा जन्मजात ठिसूळ हाडं, असा बचाव येईल. त्या तपासण्या झाल्यात का, ते डॉक्टरांना विचारा.

बाळ आज रात्री कुणाजवळ झोपणार, हे पत्रात कुठेच नाही. त्याच घरात असेल, तर अर्जाच्याही आधी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बहिणीला घेऊन परभणीच्या बाल कल्याण समितीपुढे उभे राहा.