तलावात पोहता येते, मग समुद्रात कायाक जमेल का?

प्रश्न: ताई, मी साकोली तालुक्यातला, वय ३६. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात लहानपणापासून पोहतो, शिंगाडे काढताना डोंग्यावरही बसलोय. येत्या जानेवारीत आम्ही दोघं कोकणात तारकर्लीला जाऊन राहिलो, तिथं गाइड सोबत घेऊन कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, चालवायची आहे. बायकोला पोहता येत नाही. जमेल का, आणि सुट्टी कोणत्या तारखेची टाकू?

उत्तर: भाऊ, जमेल, दोघांनाही जमेल. तारखेचं विचारलं ते लय बरं केलं, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. आपल्या तलावातलं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं साधारण सहा तास चढते नं सहा तास उतरते, आणि भरतीची वेळ रोज पाऊणएक तास पुढं सरकते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी असते, तेव्हा तारकर्लीजवळ देवबागला कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते तिथं ओहोटीचं पाणी असं बाहेर ओढते की नवख्या माणसाचं वल्हं पुरत नाही. म्हणून घरच्या कॅलेंडरात तिथी बघा, अष्टमीच्या आगेमागे सुट्टी टाका, त्या दिवसांत भांगाची, म्हणजे लहान भरती असते, ओढ कमी.

वेळ सकाळची घ्या, सातच्या सुमारास. ऊन चढलं की समुद्रावरून खारे वारे सुटतात नं लाटा उठतात. पण सकाळी जमिनीकडून वारा असला तर काठाजवळ पाणी एकदम शांत दिसते आणि कायाक मात्र हळूहळू आत सरकत जाते, तेव्हा गाइडच्या पुढं जायचं नाही म्हणजे नाही. पहिला दिवस कर्लीच्या खाडीतच काढा, समुद्र दुसऱ्या दिवशी.

डोंग्याची सवय थोडी विसरावी लागेल. कायाकच्या वल्ह्याला दोन्हीकडं पातं असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुदळ धरावी तसं गच्च धरलं होतं, अर्ध्या तासात मनगटं भरून आली, मग गाइडनं माझी बोटं एकेक करून सैल केली आणि म्हणाला पाय टेकवा, कमरेतून वळा, हात फक्त धरायला आहेत. तेवढ्यानं फरक पडला.

वहिनींसाठी दोघांची, वरून उघडी कायाक मागा, त्या पुढं, तुम्ही मागं. पोहता येत नाही हे गाइडला आधीच सांगा, लपवू नका. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. मला एका ठिकाणी बकल तुटलेलं जॅकेट दिलं होतं, दोरीनं बांधून देतो म्हणाले, मी बसलेच नाही, पैसे गेले तरी चालते.

आणि कमरेएवढ्या पाण्यात एकदा मुद्दाम उलटून घ्या. कायाक सोडायची नाही, ती सरळ करायची, आडवं पोट टाकून वर सरकायचं, मग पाय आत. वहिनींनीही हे दोनदा केलं पाहिजे, भीती तिथंच निघते. चष्मा असेल तर दोरी बांधा, माझा तिथंच गेला.

रेल्वेनं गेले तर कुडाळला उतरा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र कोणी कितीही बोलावलं तरी समुद्रात जायचं नाही.