ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या जोस्ट व्हॅन डाइक बेटावर फॉक्सीज बारसमोर नांगर टाकून रात्रभर थांबता येतं का? बार किती वाजेपर्यंत चालतो?

थांबता येतं. पण बारची वेळ तुम्ही विचारलीत आणि नांगराची साखळी किती सोडायची हे नाही, म्हणून आधी साखळी.

फॉक्सी कॅलवूडच्या कुटुंबाचा हा बार १९६८ पासून बेटावरच्या ग्रेट हार्बर खाडीच्या वाळूत उभा आहे. आल्यागेल्या खलाशाला तिथे घरच्यासारखं वागवतात, आणि त्याच अंगणासमोर रात्री नांगर सुटून एकमेकींवर जाणाऱ्या बोटी मला बघवत नाहीत. मुळाशी एक हट्टी समज आहे: "साखळीचं वजनच बोट धरतं." साफ चूक. बोट धरतं ते वाळूत रुतलेलं नांगराचं पातं. वारा चढला की साखळी ताणून सरळ होते आणि वजनाचा उपयोग तिथेच संपतो.

पाणी ६ मीटर आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर हिशेब साडेसातचा. त्याच्या पाचपट, म्हणजे साडेसदतीस मीटर साखळी किमान. रात्रीसाठी सातपट, साडेबावन्न. उजळ वाळू बघून टाका. काळपट दिसतं ते समुद्री गवत, त्यावर नांगर नुसता घसरतो. साखळी एका जागी ढिगात ओतू नका, बोट वाऱ्याने मागे सरकेल तशी सोडा. मग इंजिन रिव्हर्समध्ये, आधी मंद, हळूहळू वाढवत अर्धा मिनिट ओढा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. रेषा मोडत राहिली तर नांगर सरकतोय. उचला, पुन्हा टाका. शेवटी पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरा आणि पातं रुतलंय का ते डोळ्यांनी बघा.

जड साखळी निरुपयोगी नाही, मंद वाऱ्यात ती ओढ आडवी ठेवते. आणि शेजारच्या बोटींनी साखळी कमी सोडली असेल तर वाऱ्याबरोबर नांगराभोवती फिरताना तुमची बोट त्यांच्यावर जाईल, तेव्हा अंतर राखा.

बारमध्ये पेनकिलर मागणार असाल तर हा रमचा कॉकटेल मूळचा फॉक्सीजचा नव्हे, शेजारच्या व्हाइट बेमधल्या सॉगी डॉलर बारचा. पुसर्स रम २ भाग, अननसाचा रस ४, संत्र्याचा १, गोड नारळ क्रीम १, वर जायफळ किसून. क्रीमऐवजी नारळाचं दूध घातलंत तर पाणचट होतो.

देशात तिथूनच शिरत असाल तर पिवळा झेंडा लावा. कस्टम्सचं काम होईपर्यंत कॅप्टनशिवाय कोणी उतरायचं नाही. बारची वेळ उतरल्यावर विचारा. परतताना डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या बोटीत, टॉर्च हवा, इंजिनची किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, आणि डिंगी न प्यायलेल्यानेच चालवायची.