टाचेच्या भेगा, युरियाची ट्यूब आणि खताचं पोतं

टाचांना भेगा म्हणून डॉक्टरांनी युरियावालं क्रीम लिहून दिलं आणि पेशंटने ते लावलंच नाही, असं आमच्याकडे बऱ्याचदा होतं. मी तालुक्याच्या गावी एका डायबेटिस क्लिनिकमध्ये समुपदेशन करते, खाणं, इन्सुलिन, पायांची काळजी असं सगळं बघते, आणि "युरिया लावला तर रक्तातला युरिया वाढेल ना?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एका मावशींचा अनुभव लिहूनच काढावा म्हटलं. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मावशी पंचावन्नच्या आसपास, शुगर नऊ वर्षांपासून, शेतात कायम अनवाणी. चप्पल काढायला सांगितली तर उजव्या टाचेत एवढी खोल भेग की आत लाल दिसत होतं आणि कडेने माती बसून काळी रेघच झाली होती. दुखतं का विचारलं तर म्हणाल्या, "न्हाय ओ, कायच न्हाय." मला तेच नको होतं, कारण एवढी भेग दुखायलाच हवी. आम्ही नायलॉनच्या दोऱ्याने तळपाय तपासतो, दोन ठिकाणी दोरा टेकलेला त्यांना कळलाच नाही. शुगरने नसा कमजोर झाल्या की पायाला घाम कमी येतो, कातडी कोरडी पडते आणि उलते, आणि उललेलं समजतही नाही, मग त्या भेगेतून जंतू आत जातात. म्हणून भेगा ही आमच्यासाठी दिसण्याची गोष्ट नसतेच.

महिन्यापूर्वी दिलेली ट्यूब त्यांनी पिशवीतून काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सील तसंच. एवढे दिवस ती खताच्या खोलीत ठेवली होती. "युरियाय त्यो, घरात कसा ठिवू?" मुलगा म्हणाला होता की युरियाच लावायचा तर घरात पोतं पडलंय की, आणि सुनेला कुणीतरी सांगितलेलं की हे लघवीपासून बनवतात.

पण खरी गोष्ट नंतर आली. मालकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. "त्यांच्या रिपोर्टात युरिया वाढलाय, युरिया वाढलाय, दोन वरसं ह्येच ऐकतीय मी. त्योच पायाला चोळू व्हय?" मग थोडा वेळ गप्प बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझी बी किडनी गेली तर त्यांना दवाखान्यात कोण न्हेणार?"

अशा वेळी लगेच "काही होत नाही, सेफ आहे" म्हणून मोकळं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या बाई क्रीमला घाबरल्याच नव्हत्या, घरातल्या आजाराला घाबरल्या होत्या. आधी मालकांचं ऐकून घेतलं, डायलिसिसला कोण जातं, त्या दिवशी रानातलं कोण बघतं, या स्वतः कधी जेवतात. मग त्यांची क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीची, रिपोर्ट काढली आणि समोर ठेवून सांगितलं की तुमच्या किडन्या आज नीट चाललेल्या आहेत. हे त्यांना नऊ वर्षांत कुणी असं बसून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर युरिया. विचारलं, मावशी, पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं तर काय होतं? "ओल धरतंय की, पाणी सुटतंय, खडं व्हत्यात." म्हटलं, झालं, क्रीममध्ये युरिया याच गुणासाठी घालतात, तो पाणी धरून ठेवतो. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात ओलावा टिकवणारं जे नैसर्गिक मिश्रण असतं त्यातसुद्धा जवळपास 7 टक्के युरियाच असतो, म्हणजे परकी वस्तू नाहीच ती. आणि किडनीचं म्हणाल तर रक्तात युरिया साठतो तो किडनी बाहेर टाकत नाही म्हणून, साठणं हा परिणाम आहे. आपलं शरीर स्वतःच रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम युरिया बनवतं आणि लघवीवाटे टाकतं. दोन्ही टाचांना मिळून 2 ग्रॅम क्रीम लावलं आणि ते 10 टक्क्यांचं असलं तर त्यात युरिया 0.2 ग्रॅम, तोही बहुतेक वरच्या थरातच राहतो. किडनीच्या पेशंटच्या कोरड्या, खाजणाऱ्या कातडीलाही डॉक्टर असलं क्रीम देतात, फक्त ते आपल्या मनाने अंगभर लावत सुटायचं नाही.

लघवीचंही सांगितलं. जर्मन केमिस्ट फ्रेडरिक वोलरने 1828 सालीच युरिया प्रयोगशाळेत बनवून दाखवला, आज तो कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. म्हणून पोतं पायाला चालेल असं मात्र अजिबात नाही, हे मी मुलाला फोन लावून सांगितलं. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो, तो कातडीसाठी शुद्ध केलेला नसतो आणि घरी कालवून टक्के कसे मोजणार? टक्क्यांवर तर सगळा खेळ आहे. हरभऱ्यावर 2 टक्क्याची फवारणी करतो, डोस वाढला की पानं करपतात, हे त्याला लगेच पटलं. कातडीचंही तसंच, 10 टक्क्यांपर्यंत युरिया ओलावा देतो, 20-25 ला गेलं की जाड निबर कातडी मऊ करून सोडवतो, आणि 40 टक्क्याने तर जाड झालेलं नखसुद्धा मऊ पडतं. त्यामुळे चेहऱ्याला वेगळं, टाचेला वेगळं, ट्यूबवरचा आकडा बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि लहान बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

मावशींची भेग उघडी होती, तिच्यात युरिया गेला असता तर चुरचुरला असता, म्हणून डॉक्टरांनी आधी ती साफ करून ड्रेसिंग केलं, आठ-दहा दिवसांनी भरत आली तेव्हा क्रीम सुरू. रात्री पाय साध्या पाण्याने धुवायचे, हलकेच टिपायचे आणि थोडी ओल असतानाच टाचेला क्रीम, बोटांच्या बेचक्यात नाही कारण तिथे ओल राहून चिखल्या होतात. वरून व्हॅसलीन चालतं, कोकणातल्या माझ्या पेशंट भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लावतात तेही चालतं, तेलामुळे आतली ओल उडून जात नाही. वर सुती मोजे. ब्लेडने कातडी काढायची नाही, हे मी तीनदा बजावलं. आणि रानात बूट.

दीड महिन्याने आल्या. भेगेच्या जागी फिकट रेघ, टाच दाबली तर मऊ. ट्यूब खालून गुंडाळत गुंडाळत संपवली होती, जशी टूथपेस्ट संपवतात. पायात मुलाचे जुने बूट होते, पुढे कापूस भरलेले, त्यावर मी म्हटलं मावशी मापाचे घ्या, याने नवीन जखम होईल, तर म्हणाल्या बाजारच्या दिवशी घेते. मग पिशवीतून मालकांची फाइल काढली. त्यांच्या नडग्या कोरड्या पडून रात्रभर खाजतात, हे क्रीम त्यांनाबी लावू का, विचारायचं होतं. मी कागदावर क्रीमचं नाव आणि टक्के लिहून दिले, डायलिसिसच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं, आणि त्यांनी तो कागद घडी घालून फाइलच्या पहिल्याच पानाला टाचणीने लावला.