वाचकांचे प्रश्न : पहाटेची प्रार्थना आणि बाजेवर वाजणारा पेला

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. गेली दीड वर्षे सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांची उजवी बाजू पूर्ण गेली असून शब्दही स्पष्ट फुटत नाहीत. काही हवे असले की त्या डाव्या हाताने स्टीलचा पेला बाजेच्या काठावर वाजवतात. मी रोज पहाटे साडेचारला उठून तासभर पवित्र शास्त्र (बायबल) वाचते आणि प्रार्थना करते. ही सवय मला माहेरून लागली आहे. नेमका त्याच वेळी पेला वाजू लागतो. पुष्कळदा मी ऐकू न आल्यासारखे करते, प्रार्थना पुरी करते आणि मग उठते, तोवर अंथरूण ओले झालेले असते. चादर बदलताना तोंडातून नको ते निघते. मागच्या आठवड्यात करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा, प्रीतीवरचा, अध्याय समोर उघडा असतानाच मी त्यांच्यावर ओरडले. माझी प्रार्थना हे ढोंग आहे का? ती बंद करावी का? सुरुवातीची दहा वर्षे त्यांनी मला फार छळले, हेही लिहून टाकते.
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : ताई, सलाम. तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. त्याच्याकडे मी नंतर वळतो. प्रार्थना मुळीच बंद करू नका. जी बाई ढोंग करते ती असले पत्र लिहीत नाही. मात्र प्रार्थनेची वेळ बदला, आणि ती आजपासून बदला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात (वचने २३ व २४) प्रभू येशूने वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाचे उदाहरण दिले आहे. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे त्या माणसाला तेथे आठवले, तर त्याने अर्पण वेदीपुढेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण वाहावे, असे प्रभू सांगतो. हे वचन आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यातल्या दोन गोष्टी आता कानात शिरतच नाहीत. पहिली अशी की येथे ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर’ असे म्हटलेले नसून ‘भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर’ असे म्हटले आहे. म्हणजे राग कोणाचा, चूक कोणाची, हा हिशेब होण्याआधीच उठून जायचे आहे. दुसरी अशी की अर्पण रद्द करायला सांगितलेले नाही. ते वेदीपुढे तसेच राहते आणि माणूस परत येऊन ते वाहतो. उपासना अर्धवट टाकून उठण्याची मुभा खुद्द प्रभूनेच दिली आहे, मग पेला वाजल्यावर उठायला तुम्ही का कचरता?

मार्काच्या सातव्या अध्यायातील ‘कुर्बान’चा प्रसंगही तुम्हांला ठाऊक असेल. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते देवाला वाहिले आहे असे म्हणून काही लोक आईबापांच्या सेवेतून अंग काढून घेत, आणि त्यावर प्रभू अतिशय कडक बोलला. आपल्याकडे पैसा असा कोणी वाहत नाही, पण वेळ वाहतात. पहाटेचा एक तास कुर्बान, आणि त्या तासात घरातले माणूस भिजत पडलेले, हे देवाला मानवते असे मला या वचनानंतर म्हणता येत नाही.

म्हणून करायचे ते असे. उठल्याबरोबर आधी सासूबाईंकडे जा. भांडे द्या, अंथरूण कोरडे आहे ना ते पाहा, त्यांची कूस बदला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ, माकडहाड आणि टाचा येथे जखमा होतात आणि एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. पहाटेच्या फेरीत पाठीवर एकदा हात फिरवून कातडी लाल झाली आहे का हे पाहणे ही तुमच्या उपासनेची सुरुवात समजा. मग तुमची चटई त्यांच्या बाजेपाशीच टाका आणि शास्त्र मोठ्याने वाचा. एकाहत्तरावे स्तोत्र तुम्ही त्यांच्यासाठी निवडावे असे मी सुचवीन. त्यात एक म्हातारा माणूस देवाला विनवतो की म्हातारपणी मला टाकू नको, माझी शक्ती क्षीण होईल तेव्हा मला सोडू नको. ज्यांना शब्द फुटत नाहीत त्यांच्या वतीने ते कोणीतरी म्हणायला हवे.

आता तेराव्या अध्यायाकडे येतो, कारण तो समोर असताना ओरडल्याचे तुम्हांला अधिक लागले आहे. आपल्या मराठी शास्त्रात ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असे वाचताना वाटते की ही प्रीतीची विशेषणे आहेत, एखाद्या गुणी मुलीचे वर्णन करावे तशी. मूळ ग्रीक भाषेत चौथ्या ते सातव्या वचनांत, हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने विशेषणे घातलेलीच नाहीत. तेथे ओळीने पंधरा क्रियापदे आहेत. प्रीती सोसते, भले करते, हेवा करत नाही, फुगत नाही, असे ते सगळे करण्याचे आणि न करण्याचे शब्द आहेत. मनात प्रेम दाटून येते की नाही हे तेथे कोणी विचारलेले नाही. ओली चादर काढून कोरडी घालताना तुमच्या मनात माया नव्हती, किळस होती, असे तुम्ही म्हणाल. पण चादर तर तुम्हीच बदलली. दीड वर्षे बदलत आहात. ओरडलात याची क्षमा मागा, सासूबाईंकडेच मागा, त्यांना समजते. पण न दाटलेल्या मायेसाठी स्वतःला झोडपू नका.

त्या पंधरांपैकी एक क्रियापद तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. ‘प्रीती अपकार स्मरत नाही’ असे आपण वाचतो. मूळ शब्द हिशेब मांडण्याचा आहे, दुकानदार खतावणीत उधारी चढवतो तसा. सुरुवातीची दहा वर्षे तुमच्या वहीत चढवलेली आहेत, आणि पहाटे पेला वाजतो तेव्हा तुम्ही ऐकू न आल्यासारखे करता तो वसुलीचाच एक प्रकार नाही ना, एवढे एकदा स्वतःला विचारून पाहा. मी आरोप करत नाही. झाले ते झालेच नाही असेही म्हणू नका. छळ हा छळच होता, आणि हवे तर देवापुढे तो नावानिशी सांगा. प्रार्थनेची खोली त्यासाठीच आहे. तेथे सांगून झाले की बाजेपाशी पुन्हा वसुली करायची नाही, एवढेच पथ्य पाळा.

मी काही फार वरून बोलत नाही. एका रविवारी मी याच अध्यायावर उपदेश केला आणि उपासना संपताच, घंटा उशिरा दिली म्हणून मंदिराच्या सेवकाला चारचौघांत झापले. तो काही बोलला नाही, चटया गुंडाळत राहिला. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. चहा आला, पावसाचे बोलणे झाले, आणि क्षमेचे शब्द काही केल्या तोंडातून निघेनात. बशी रिकामी झाल्यावर कसेबसे निघाले. उपदेश लिहायला मला दोन दिवस लागले होते, त्यापेक्षा ही दहा मिनिटे जड गेली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, मग कोणाला राग आला तरी चालेल. तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, तुम्ही आहात, पेला आहे. त्या बाईंचा मुलगा कोठेच नाही. प्रीतीची आज्ञा सुनांपुरती दिलेली नाही. वल्हांडण सणाच्या वेळी, शेवटच्या भोजनाच्या रात्री, शिष्यांचे पाय धुणारा प्रभू पुरुष होता आणि कमरेला रुमाल बांधून त्याने ते काम केले. आठवड्यातून तीन पहाटे तुमच्या यजमानांनी उठावे. हे उत्तर त्यांना वाचायला द्या, पाळकाने सांगितले आहे म्हणा.

भक्ती आणि सेवा यांपैकी एकच निवडावी लागते असे ज्यांना वाटते त्यांच्यासमोर मी नेहमी पंडिता रमाबाईंना ठेवतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि पुण्याजवळच्या केडगावात ‘मुक्ती’ हा त्यांचा आश्रम उभा राहिला. ज्या जागी १९०५ साली प्रार्थनेची मोठी जागृती झाली, त्याच जागी अंध स्त्रियांना वाचायला शिकवले जात होते, मळा होता, विणकाम होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि त्याचे खिळे जुळवणे, छपाई हे काम त्यांच्याच आश्रमातल्या स्त्रियांनी केले. १९२२ मध्ये देवाघरी जाण्यापूर्वी त्यांनी हे भाषांतर पुरे केले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या हातांनी शास्त्र छापले गेले, तेव्हा त्यातली भक्ती किती आणि सेवा किती हे कोणी कसे मोजावे?

प्रश्न : शेताच्या बांधावरून थोरल्या भावाशी माझे सहा वर्षे बोलणे नाही. आम्ही एकाच मंडळीत आहोत. दिवाणी दावा चालू आहे. मनात राग असल्यामुळे मी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर व द्राक्षारस) घेणे सोडले आहे. प्रीती करायची म्हणजे दावा काढून घ्यायचा का?
— एक वाचक, नेवासे तालुका

उत्तर : प्रभुभोजनाविषयीची तुमची भीती करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातून आली असणार. तेथे ‘अयोग्य प्रकारे’ असा शब्द आहे, ‘अयोग्य माणसाने’ असा नाही. पौल रागावला होता तो कशावर, तर खातेपिते लोक आधी येऊन जेवून घेत आणि गरीब भाऊ उपाशी राहत यावर. म्हणजे प्रभूच्या मेजाचा अपमान शेजारच्या माणसाला वगळण्याने होतो. मेजापासून दूर राहून तुम्ही भावापासूनचे अंतर कमी केलेले नाही. दोन्हीकडून दूर झालात इतकेच.

दाव्याबद्दल मी तुमची समजूत काढणार नाही. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल भावाभावांच्या कज्जांवर स्पष्ट बोलतो, आणि तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही का, असे विचारतो. शहाणे आहेत, तुम्ही त्यांना विचारलेले नाही. दोघांना मान्य अशी दोन वडीलधारी माणसे ठरवा, भूमी अभिलेख कार्यालयाकडे दोघांच्या सहीने मोजणीचा अर्ज करा, फी निम्मी निम्मी भरा, आणि खुणेचे दगड जेथे पडतील ते मानायचे असे आधीच लिहून घ्या. बांध कोरला कोणी हे तेव्हा कळेल, कदाचित दोघांनीही थोडा थोडा कोरलेला असेल. मोजणीची तारीख येईपर्यंत मात्र बोलणे सुरू करा. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. पुढच्या रविवारी दारात ‘सलाम, दादा’ म्हणा. उत्तर आले नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा म्हणा.

प्रश्न : आमचा तरुण संघ नाताळात गरिबांना कांबळी वाटतो आणि घेणाऱ्यांसह फोटो काढतो. काही सभासदांना हे आवडत नाही. आपले मत?
— तरुण संघाचा एक चिटणीस, पुणे

उत्तर : त्या सभासदांचे ऐका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन तुम्हांला पाठ असेलच. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला थंडी वाजते आहे म्हणून तो फोटोला नाही म्हणू शकत नाही, आणि त्याच्या त्या अडचणीचा आपण फायदा घेतो. देणगीदारांना हिशेब हवा, हे खरे आहे. दुकानाची पावती वार्षिक सभेत ठेवा, आणि फोटो काढायचाच असेल तर वाटपाच्या आदल्या रात्री कांबळ्यांच्या गठ्ठ्याचा काढा.