उमय्यद या खलिफा घराण्याच्या काळातील चांदीचे दिरहम नाणे दुर्मीळ आहे की नाही, हे कसे ओळखावे?

केवळ नाणे तेराशे वर्षांपूर्वीचे आहे म्हणून ते दुर्मीळ ठरत नाही. त्यावरील टांकसाळीचे नाव आणि हिजरी (इस्लामी कालगणनेचे) वर्ष यांची जोडी किती आढळते, यावर सारे अवलंबून असते. खलिफा अब्द अल-मलिक यांनी इ. स. 698 च्या सुमारास चित्रविरहित दिरहम रूढ केला. त्याआधीच्या अरब-ससानी, म्हणजे इराणच्या ससानी नाण्यांच्या धर्तीवर पाडलेल्या, नाण्यांवर ससानी सम्राट खुस्रो दुसरा याची प्रतिमा, अग्निवेदी आणि कडेला 'बिस्मिल्लाह' असे शब्द दिसतात. नव्या दिरहमाच्या दर्शनी बाजूच्या कडेवर टांकसाळ आणि वर्ष शब्दांत लिहिलेले असते. इराकमधील वासित येथील दिरहम विपुल मिळतात, तर हिजरी 78 मधील, म्हणजे अगदी आरंभीचे, अत्यंत विरळ आहेत.

वर्ष वाचताना मात्र फार सावध राहावे. नाण्यांवरील कुफी या जुन्या अरबी लिपीत नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नसल्यामुळे 'सब्अ' (सात) आणि 'तिस्अ' (नऊ) हे शब्द जवळजवळ सारखेच दिसतात, आणि म्हणूनच हिजरी 97 चे नाणे 79 चे समजून मोठी किंमत मोजली जाण्याचा धोका खरा आहे. अशा वेळी कडेवरील लहान वर्तुळांची मांडणी आणि अक्षरांचे वळण यांची प्रकाशित नमुन्यांशी तुलना करावी. चांगल्या, न कातरलेल्या नाण्याचे वजन साधारण 2.9 ग्रॅम भरते. नाणे घासून चकचकीत करू नये. काळाने पृष्ठभागावर चढलेली जुनी झाक गेली की ती परत येत नाही.